आधी कात्री, मग उत्तर

ईमेल लिस्टवर, म्हणजे एका पत्त्यावर टाकलेला मेल सगळ्या सभासदांना जातो अशा सामूहिक चर्चेत, उत्तर जुन्या मजकुराच्या वर लिहावे की खाली, यावर लोक गेली तीसेक वर्षे हमरीतुमरीवर येत आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे आता सगळ्यांना पाठ झाले आहे. वर लिहिणारे म्हणतात, नवे ते आधी दिसावे. खाली लिहिणारे विचारतात, प्रश्नाच्या आधी उत्तर कोण वाचतो? पण जुना मजकूर मुळात तिथे किती असावा, या प्रश्नावर बहुतेक जण मूग गिळून बसतात. सगळी मेख तिथेच आहे. दोनशे ओळी जशाच्या तशा ठेवून त्यांच्या तळाशी 'सहमत' एवढेच लिहिणारा सभासद 'खाली लिहा' हा नियम तंतोतंत पाळतो. तरी वर लिहिणाऱ्यापेक्षा त्याचा जाच जास्त, कारण त्या एका शब्दासाठी सगळ्यांना तळापर्यंत सरकत जावे लागते. छाटणी नीट झाली असेल तर वर-खालीचा वाद जवळजवळ उरतच नाही. छाटणी झालीच नसेल तर दोन्ही जागा सारख्याच वाईट.

हिशेब मांडून पाहू. लिस्टवर पाचशे सभासद आहेत आणि न छाटलेल्या मेलमधली नवी ओळ शोधायला प्रत्येकाला दहा सेकंद लागतात, असे धरा. एकूण गेले पाच हजार सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे. पाठवणाऱ्याचा वाचला फार तर अर्धा मिनिट. जागेचेही तेच. प्रत्येकाने एक केबी नवे लिहिले आणि मागचे सगळे शेपटासारखे जोडले, तर विसावे उत्तर वीस केबींचे होते आणि विसांची बेरीज २१० केबी भरते. प्रत्येकाने अर्ध्या केबीचे अवतरण ठेवले असते तर तीस केबींत काम झाले असते. जागा आज स्वस्त आहे, हे मान्य. पण लिस्टचा जुना संग्रह धुंडाळणाऱ्याचा वेळ स्वस्त झालेला नाही. एक वाक्य वीस मेलांत जसेच्या तसे पडलेले असले की शोधयंत्र वीसही मेल पुढे करते, आणि ते वाक्य मुळात कोणी लिहिले हे कळायला वीसही उघडावे लागतात.

'आता लिस्टवर असते तरी कोण?' असे कोणी विचारील. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्याचे (कर्नलचे) काम आजही ईमेलवरच चालते. लिनक्सवर उभ्या असलेल्या डेबियन प्रणालीचे निर्णय, इंटरनेटचे मानदंड ठरवणाऱ्या आयईटीएफचे कार्यगट आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या बऱ्याच चर्चा याच वाटेने जातात. जगभर पांगलेल्या गोवेकरांना बांधून ठेवणारे गोवानेट १९९४पासूनचे. पुण्याच्या लिनक्स वापरकर्त्यांची लिस्टही जुनी. देवनागरी संगणकावर नीट उमटावी म्हणून झालेल्या खटपटीचा मोठा भाग अशाच लिस्टांवर घडला. शिवाय माजी विद्यार्थ्यांचे, संशोधकांचे, शिक्षकांचे गूगल ग्रुप्स आहेतच. व्हॉट्सॲपवर या प्रश्नाचे रूप वेगळे, कारण तिथे मेसेज उद्धृत केला की अख्खाच होतो, त्यातले एक वाक्य उचलायची सोय नाही. ईमेलमध्ये ती सोय आहे. म्हणून ती न वापरण्याची जबाबदारीही लिहिणाऱ्याचीच.

नियम काही नवा नाही. इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी तयार केलेला आरएफसी १८५५ हा जालशिष्टाचाराचा दस्तऐवज ऑक्टोबर १९९५मधला. उत्तर देताना मूळ मजकुराचा सारांश वर द्या किंवा संदर्भ लागेल इतकाच मूळ मजकूर ठेवा, असे तो सांगतो. जागेचा हट्ट त्यात दिसत नाही, भर आहे तो 'इतकाच' यावर. लिनक्स गाभ्याच्या कागदपत्रांत आज याहून कडक भाषा आहे: मजकूर छाटा, प्रत्येक मुद्द्याच्या खाली त्याचे उत्तर लिहा, सगळ्याच्या वर उत्तर ठेवू नका.

आपल्याकडे हे परके वाटायचे कारण नाही. संस्कृत ग्रंथावरचा टीकाकार मूळ श्लोक दर वेळी पुरा उतरवून काढत नाही. तो श्लोकातले एक-दोन शब्द, म्हणजे 'प्रतीक', देतो आणि लगेच भाष्याला लागतो, कारण मूळ ग्रंथ वाचणाऱ्याच्या हाताशी आहे हे त्याने गृहीत धरलेले असते. सरकारी पत्राच्या डोक्यावर 'विषय' आणि त्याखाली 'संदर्भ: आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक' असते. तिथेही जुने पत्र पुन्हा टंकले जात नाही, त्याच्याकडे बोट दाखवले जाते. ईमेलमधली संदर्भाची ओळ डोळ्यांना दिसत नाही, इतकाच फरक. प्रत्येक मेलला एक ओळखक्रमांक असतो आणि उत्तर देताना सॉफ्टवेअर तो 'इन-रिप्लाय-टू' आणि 'रेफरन्सेस' या शीर्षओळींत टाकते. कोणते उत्तर कोणत्या मेलला, ही साखळी त्यावरून जुळते. म्हणजे आधीचे सगळे सोबत वागवायची गरज पोस्टाच्या पातळीवर कधीच भागलेली आहे.

मग लोक छाटत का नाहीत? आळस हे अर्धेच उत्तर. जीमेल आणि आउटलुक दोन्ही उत्तराची चौकट उघडताना कर्सर वर ठेवतात आणि जुना मेल खाली आपोआप चिकटवतात. जीमेल तर तो मजकूर तीन ठिपक्यांमागे लपवते. आपण काय पाठवतो आहोत हे लिहिणाऱ्याला दिसतच नाही. वाचणाराही जीमेलमध्ये असेल तर त्यालाही ते शेपूट दुमडलेलेच दिसते, आणि दोघांची समजूत होते की सारे आलबेल आहे. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिस्टच्या संग्रहात आणि डायजेस्टमध्ये मात्र ते पूर्ण लांबीने उलगडते. डायजेस्ट म्हणजे दिवसभराचे मेल एकत्र करून पाठवलेला गठ्ठा. त्यात दहा उत्तरे असली आणि प्रत्येकाला मागचे सगळे जोडलेले असले, तर तो सभासद एकच मजकूर दहा वेळा ओलांडतो. लिस्टवर चिडचिड कोणाची होते हे पाहिले तर बहुधा डायजेस्टवालेच निघतात. चूक त्यांच्या स्वभावाची नसते.

आता छाटणी कशी करायची ते पाहू. उत्तर देण्याआधी तीन ठिपके दाबून जुना मजकूर उघडावा. आपण ज्या वाक्याला किंवा परिच्छेदाला उत्तर देतो आहोत तेवढे ठेवावे, बाकीचे निवडून पुसावे: आधीच्यांची अभिवादने, सह्या, कंपनीच्या कायदेशीर सूचना, लिस्टने तळाशी जोडलेल्या सदस्यत्वाच्या ओळी, सारे. ठेवलेल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला > ही खूण हवी, आपले लेखन खुणेशिवाय, आणि दोहोंच्या मध्ये एक रिकामी ओळ. ती रिकामी ओळ लोक विसरतात आणि मग उत्तर अवतरणाला चिकटून बसते. थंडरबर्ड या मेल वाचण्या-लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये याहून सोपी युक्ती आहे. मूळ मेलमधला हवा तो भाग माउसने निवडायचा आणि मग रिप्लाय दाबायचा, तेवढाच भाग अवतरणात येतो. खाते-सेटिंगमध्ये उत्तर अवतरणाखाली सुरू व्हावे असेही ठरवता येते. आउटलुकच्या क्लासिक आवृत्तीत 'ऑप्शन्स'मधल्या 'मेल' विभागात जुन्या मजकुराच्या प्रत्येक ओळीपुढे खूण लावण्याचा पर्याय आहे. तो निवडल्याशिवाय मधे मधे उत्तर देणे तिथे जिकिरीचे. फोनवर सगळ्यात बरे म्हणजे जुना मजकूर पूर्ण पुसून टाकायचा आणि हवे ते एक वाक्य नक्कल करून त्याआधी > ही खूण हाताने लावायची. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

कोण काय म्हणाले याचा घोळ पातळ्यांमध्ये होतो. देवनागरीतल्या तोकड्या 'र'बद्दलच्या चर्चेचा हा नमुना पाहा:

य यांनी ४ मार्चला लिहिले:
> क्ष यांनी ३ मार्चला लिहिले:
> > 'दऱ्या' शोधला तर सापडत नाही. शोधयंत्र बिघडले आहे.
>
> यंत्र ठीक आहे. तोकडा र दोन तऱ्हांनी टंकता येतो,
> आणि दोन्हींचे संकेत वेगळे आहेत.
[दोन्ही संकेतांचे तपशील गाळले]

मग शोधण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलून घेतले पाहिजे.

नावाच्या ओळीपुढे त्या माणसाच्या मजकुरापेक्षा एक खूण कमी असते. इथे क्ष यांचे वाक्य पुसले तर त्यांच्या नावाची ओळही पुसायला हवी. ती राहिली तर य यांचे म्हणणे क्ष यांच्या तोंडी जाते, आणि पुढचे चार दिवस खुलाशांत जातात. उलट बाजूने, ज्याचे वाक्य ठेवले त्याचे नाव गाळणे हा अधिक गंभीर दोष. नावाच्या ओळीत ईमेल पत्ता ठेवू नये. संग्रह सार्वजनिक असेल तर जाहिरातबाज तो तिथून उचलतात, आणि नाव व तारीख एवढ्याने भागते. तीन पातळ्यांच्या पुढे अवतरण जाऊ लागले की थांबावे आणि मागचा मुद्दा स्वतःच्या एका वाक्यात सांगावा.

मधला मजकूर गाळला तर चौकटी कंसात तसे लिहावे. अवतरणातले शुद्धलेखन सुधारू नये, त्यातला शब्द ठळकही करू नये. करायचाच असेल तर 'ठळक माझे' अशी नोंद हवी.

इथे मराठीची एक वेगळी अडचण आहे आणि इंग्रजी नियमावल्यांमध्ये ती सापडणार नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते, नकार शेवटी येतो, आणि मत कोणाचे हेही पुष्कळदा शेवटीच कळते. 'ही दुरुस्ती योग्य आहे आणि ती या आवृत्तीतच करावी असे मला वाटत नाही' हे वाक्य 'करावी'पाशी तोडले की लिहिणारा बरोबर उलट बाजूला जाऊन बसतो. 'नियम शिथिल करावेत असे काही सभासदांचे म्हणणे आहे' यातले शेवटचे पाच शब्द गेले की दुसऱ्यांचे म्हणणे लेखकाचे होते. इंग्रजीत 'मला वाटत नाही' हे बहुधा सुरुवातीलाच येऊन जाते, म्हणून तिथे शेपूट तोडण्यात धोका कमी. मराठी वाक्याचे डोके छाटले तरी बहुधा चालते, शेपूट छाटू नये. अवतरण पूर्णविरामापर्यंत न्यावे. वाक्य फारच लांब असेल तर सुरुवात गाळून '…' द्यावे आणि क्रियापद राखावे. पुढचे वाक्य 'पण'ने सुरू होत असेल तर तेही घ्यावे. हा 'पण' गाळणे ही चर्चेतली सर्वांत जुनी लबाडी आहे, आणि ती नेहमी मुद्दाम केलेली असते असेही नाही.

ओळीच्या लांबीबद्दलचे इंग्रजी नियमही देवनागरीला आंधळेपणाने लावता येत नाहीत. साध्या मजकुरात ओळ ७२ चिन्हांच्या आसपास तोडावी असा रिवाज आहे. पडद्याची जुनी रुंदी ८० चिन्हांची, आणि उरलेल्या आठ जागांत > आणि मोकळी जागा अशा दोन-दोन चिन्हांच्या चार पातळ्या बसतात. पण सॉफ्टवेअर मोजते ते संकेत (अक्षराच्या प्रत्येक घटकाला संगणकात असलेले क्रमांक), आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे स्वतंत्र संकेत असतात. 'माहितीपूर्ण' या शब्दात दिसणारी अक्षरे पाच, संकेत अकरा. म्हणून ७२वर तोडलेली मराठी ओळ पडद्यावर निम्म्याच्या जरा पुढे संपते आणि मजकूर अरुंद स्तंभासारखा दिसतो. दुसऱ्या कोणी उत्तर देताना ती ओळ पुन्हा तोडली की एक लांब, एक दोन शब्दांची, अशा दातेरी ओळी तयार होतात, आणि त्या दोन शब्दांपुढची > ही खूण हरवली की अवतरण कुठले आणि उत्तर कुठले हे कळेनासे होते. ओळी वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे वळाव्यात म्हणून एक उपाय १९९९मध्ये आला आणि आरएफसी ३६७६ या दस्तऐवजाने २००४मध्ये तो सुधारला, पण सगळ्या सॉफ्टवेअरने तो घेतला नाही. मराठी लिस्टवर हाताने ओळी तोडूच नयेत, परिच्छेद लहान ठेवावेत, हे मला जास्त व्यवहार्य वाटते. जिथे साध्या मजकुराचीच सक्ती आहे तिथे इलाज नाही. लिनक्स गाभ्याची लिस्ट एचटीएमएल, म्हणजे वेबपानासारखा सजवलेला, मेल परतच करते.

मराठी विषयओळीलाही मोजमाप असते. रोमन नसलेली अक्षरे विषयओळीत थेट जात नाहीत, त्यांचे सांकेतिक तुकडे करावे लागतात. असा एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा चालत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा एक संकेत तीन बाइट घेतो. बाइटांची साधी रोमन चिन्हे करणाऱ्या बेस६४ पद्धतीने हिशेब केला तर एका तुकड्यात जेमतेम पंधरा संकेत मावतात, म्हणजे सात-आठ अक्षरे. लांब मराठी विषयाचे सात-आठ तुकडे होतात आणि एखादे ढिसाळ सॉफ्टवेअर अक्षराच्या मधोमध तुकडा पाडते. 'माहितीच्या अधि' आणि पुढे दोन प्रश्नचिन्हे, असे विषय त्यातूनच येतात. नेमका शब्द आधी आणि सगळे मिळून पाच-सहा शब्दांत, एवढे पथ्य पुरते. 'मदत हवी', 'एक शंका' हे विषय कितीही छोटे असले तरी निरुपयोगी.

विषय बदलला तर काय करायचे? इथे दोन चुका एकमेकींच्या उलट आहेत. नवा विषय काढायचा म्हणून कोणी जुन्या मेलला रिप्लाय देऊन फक्त विषयओळ बदलतो. वर सांगितलेली 'इन-रिप्लाय-टू' ओळ मात्र तशीच राहते, आणि साखळी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा प्रश्न भलत्याच चर्चेच्या पोटात जाऊन पडतो. ती चर्चा ज्यांनी दुमडून ठेवली त्यांना तो दिसणारही नाही. मग 'माझ्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही' ही तक्रार. नव्या विषयासाठी नवा मेल, लिस्टचा पत्ता टाकून. दुसरी चूक चालू चर्चेत विनाकारण विषयओळ बदलण्याची. एका अक्षराची दुरुस्ती केली तरी जीमेल ती नवीच चर्चा धरते. चर्चा खरोखरच वळली असेल तर 'नवा विषय (आधीचा: जुना विषय)' असे लिहावे, आणि पुढच्या उत्तरात कंसातला भाग काढून टाकावा. डायजेस्टला रिप्लाय देणाऱ्यांनी तर विषय बदललाच पाहिजे, नाहीतर 'अमुक डायजेस्ट, अंक तमुक' याच नावाखाली उत्तर जाते. सोबत सबंध गठ्ठा चिकटून जातो तो वेगळाच.

उत्तर कोणाला, हा प्रश्न शिष्टाचाराइतकाच लिस्टच्या मांडणीचा आहे. काही लिस्ट अशा ठेवलेल्या असतात की साधा रिप्लाय दाबला तरी उत्तर सगळ्या लिस्टला जाते. सोयीचे वाटते, आणि गूगल ग्रुप्सवर अनेक चालक मुद्दाम तसे ठेवतात. माझा याला विरोध आहे, आणि कारण नुकसानीच्या विषमतेचे आहे. रिप्लाय एकट्याला जाण्याची व्यवस्था असेल आणि कोणी चुकला, तर लिस्टसाठीचे उत्तर एकालाच मिळते. तेच पुन्हा लिस्टला पाठवले की काम झाले. रिप्लाय सगळ्यांना जाण्याची व्यवस्था असेल आणि कोणी चुकला, तर पगार, आजारपण किंवा तिसऱ्याबद्दलचा शेरा पाचशे जणांपुढे आणि कायमच्या संग्रहात जातो. तो परत घेता येत नाही. मेलमॅन हे लिस्ट चालवणारे सॉफ्टवेअरही बहुतेक लिस्टांसाठी उत्तर मूळ लेखकाकडे जाऊ द्या, अशीच शिफारस करते. थंडरबर्डमध्ये फक्त लिस्टला उत्तर देण्याचे वेगळे बटण आहे, ते वापरले की दोन्ही गोष्टी साधतात. आणि 'रिप्लाय ऑल' केल्यावर मूळ लेखकाला प्रत दोनदा जाते, हे लक्षात ठेवावे. डेबियनच्या लिस्टांवर लेखकाने मागितल्याशिवाय त्याला वेगळी प्रत पाठवू नये असा स्पष्ट नियम आहे, तर लिनक्स गाभ्याच्या लिस्टवर सगळ्यांना प्रतीत (सीसीत) ठेवणे हाच रिवाज. लिस्टचा रिवाज पाहून वागावे.

आपण लिस्टला पाठवलेला मेल जीमेलच्या इनबॉक्समध्ये परत येत नाही, कारण तोच ओळखक्रमांक आपल्या खात्यात आधीच असतो. पोहोचला नाही असे समजून पुन्हा पाठवणारे अनेक असतात. पुन्हा पाठवण्याआधी संग्रह पाहावा.

खासगी मेलमधले वाक्य लिस्टवर आणायचे तर लिहिणाऱ्याची परवानगी घ्यावी. पत्र मिळाले म्हणून मजकुराचा लेखनाधिकार मिळत नाही. १९५७चा कॉपीराइट कायदा टीका-परीक्षणासाठी वाजवी अवतरणाला वाव देतो खरा, पण विश्वासाने लिहिलेले चव्हाट्यावर आणणे कायद्यात बसले तरी त्यानंतर त्या लिस्टवर कोणी मोकळे लिहीत नाही. न छाटलेल्या शेपटातून हेच नकळत घडते. तळाशी राहिलेल्या चार जुन्या मेलांत कोणाचा फोन नंबर आहे, कोणाचा घरचा पत्ता आहे, हे पाठवणाऱ्याने पाहिलेलेच नसते.

वर लिहिण्याच्या बाजूने खरोखर वजनदार असे दोन मुद्दे आहेत. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अनेक अंध वाचकांना उत्तर वर असलेले सोयीचे पडते. वाचन वरून सुरू होते आणि चाळीस ओळींचे अवतरण डोळ्यांनी ओलांडता येते, कानांनी नाही. अशा सभासदांच्या लिस्टवर वर लिहिण्याचा रिवाज असेल तर त्यात चूक काही नाही. आणि मिश्र लिस्टवर अवतरण दोन ओळींचेच असले तर उत्तर खाली असूनही त्यांचा खोळंबा होत नाही. दुसरा मुद्दा कार्यालयाचा. दोघांचा पत्रव्यवहार चालू असताना तिसऱ्याला मधेच प्रतीत घेतले, तर त्याच्याकडे आधीचे काहीच नसते. तिथे सगळी साखळी खाली असणे उपयोगाचे आहे. पण लिस्टवरच्या प्रत्येकाकडे आधीचे मेल असतात किंवा संग्रहात मिळतात. कार्यालयातली सवय लिस्टवर आणणाऱ्यांचे इथेच चुकते.

संग्रहच नाहीसा झाला तर? याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले, आणि जुना मजकूर तर त्याआधीच काढून टाकलेला होता. कितीतरी गटांच्या वर्षानुवर्षांच्या चर्चा अशा गेल्या. अख्खे मेल जोडत राहिलो असतो तर काही वाचले असते, हा युक्तिवाद वरवर पटतो. पण मूळ मेल प्रत्येक सभासदाच्या पेटीत एकदा गेलेलाच असतो. जतन करायचे ते तिथून, आणि ते काम चालकाने वर्षातून एकदा संग्रह उतरवून ठेवण्याचे आहे, सभासदांनी प्रत्येक उत्तराला शेपूट लावण्याचे नाही.

छाटणीच्या भक्तांचीही एक खोड सांगितली पाहिजे. समोरच्याच्या मेलचे वाक्यावाक्याने तुकडे करायचे आणि प्रत्येकाखाली टोमणा लिहायचा. तांत्रिक लिस्टवर, जिथे प्रत्येक ओळ खरोखर वेगळा प्रश्न असते, तिथे हे योग्य ठरते. वैचारिक चर्चेत यातून युक्तिवाद मरतो. चार वाक्ये मिळून उभा राहिलेला मुद्दा चार वेगळ्या वाक्यांसारखा खोडला जातो, आणि पुढचे उत्तर त्या खोडण्यांचे तुकडे करते. तिसऱ्या फेरीत मूळ प्रश्न कोणाला आठवत नाही. आपल्या शास्त्रचर्चेतला पूर्वपक्ष इथे कामी येतो: समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी दोन वाक्यांत मांडावे, मग लागेल तिथे त्याचे एखादे वाक्य जसेच्या तसे घ्यावे आणि मग आपले म्हणणे सलग लिहावे. एका मेलमध्ये तीनपेक्षा जास्त अवतरणे लागत असतील तर बहुधा आपण मुद्द्याला सोडून शब्दांना उत्तर देत असतो.

नुसत्या होकारासाठीही मेल लागतो का? अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांत '+१' हे मत असते आणि मोजले जाते. तिथे एक ओळ हवीच. जिथे मतमोजणी नाही तिथे आभार आणि होकार लेखकाला एकट्याला पाठवावेत. सन कंपनीच्या संगणकांचे व्यवस्थापक एकेकाळी ज्या लिस्टवर जमत, तिथे उत्तरे प्रश्नकर्त्याला खासगी जात आणि त्याने शेवटी सगळ्यांचा गोषवारा लिस्टवर टाकायचा असे. संग्रहात प्रश्न आणि गोषवारा एवढेच उरे. इतकी शिस्तबद्ध लिस्ट आज कोणी काढील असे वाटत नाही, पण प्रश्न सुटल्यावर काय चालले ते चार ओळींत लिहायला काय हरकत आहे?

चालकांनी हे यंत्रावर सोपवावे का? यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर तसा प्रयोग झाला होता. नव्या ओळींपेक्षा अवतरणाच्या ओळी जास्त असतील तर काही ठिकाणचे सॉफ्टवेअर लेख नाकारत असे. लोकांनी > ऐवजी दुसरी खूण वापरायला सुरुवात केली, किंवा खाली निरर्थक ओळी भरून प्रमाण जुळवले. मेल आणखी लांब झाले. आकाराची मर्यादा त्यापेक्षा बरी, पण मराठीत तिचा अर्थ बदलतो. मेलमॅनमध्ये ती सुरुवातीला ४० केबी असते. इंग्रजीत ही चाळीस हजार अक्षरे. देवनागरीचा एक संकेत बेस६४मध्ये चार आणि क्वोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या तशाच पद्धतीत नऊ चिन्हे घेतो, म्हणजे मर्यादा सुमारे दहा हजार किंवा साडेचार हजार संकेतांवर येते. त्यात साधा आणि एचटीएमएल अशा दोन प्रती एकाच मेलमध्ये जात असतील तर निम्म्याहून कमी. मराठी लिस्टच्या चालकाने ती मर्यादा वाढवावी, नाहीतर चांगले लांब लेखनही अडकून पडते आणि नियंत्रकाच्या रांगेत शिळे होते.

नवीन सभासदाचे पहिले दोन-तीन मेल तपासणीतून जाऊ द्यावेत आणि शेपूट असेल तर परत पाठवावेत. सही सॉफ्टवेअरने आपोआप ओळखावी यासाठी तिच्या आधी दोन संयोगचिन्हे आणि त्यापुढे एक मोकळी जागा अशी वेगळी ओळ लागते, आणि ती मोकळी जागा गळाली की सही दर उत्तरात पुढे सरकत राहते, हे त्यांना एकदा सांगावे लागते. सही चार ओळींची पुरे. चुकणाऱ्याला लिस्टवर सगळ्यांदेखत दटावू नये. एका न छाटलेल्या मेलमुळे जितका वेळ जातो त्याच्या दसपट वेळ त्याला दटावणाऱ्या पंधरा मेलांत जातो, आणि त्यातल्या निम्म्यांना तेच शेपूट असते. खासगी मेल लिहावा. नियमावलीचा दुवा एकटा पाठवला तर तो कोणी उघडत नाही, म्हणून त्याच सभासदाचा तोच मेल छाटून, त्याचा आधी दोनशे ओळींचा होता तो आता नऊ ओळींत कसा बसला, हे त्याला दाखवावे.